मध्येच आलेली हाक : रुग्णालयातील व्यत्ययाचा इतिहास

मी पिपरी मेघे येथे राहतो. वर्धा शहराला लागून असलेले हे गाव. जवळच सेवाग्राम, आणि तसेच जवळ सावंगी मेघे. म्हणजे दोन वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांची दोन मोठी रुग्णालये थोड्या किलोमीटरांच्या आत. आमच्या गल्लीत कोणी परिचारिका आहे, कोणी प्रयोगशाळेत नोकरीला आहे, कोणाच्या वरच्या खोलीत डॉक्टरकी शिकणारी मुले भाड्याने राहतात. त्यामुळे रुग्णालयातल्या गोष्टी आमच्याकडे घरच्या गोष्टींसारख्या बोलल्या जातात. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पण या परिसरात राहूनही रुग्णालयातल्या रोजच्या कामालाही एक इतिहास असतो, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. त्याचे कारण घरगुती आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय वर्ध्याबाहेरचे होते. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सुट्टीच्या दिवशी एक निवासी डॉक्टर मुलगी सिस्टरच्या टेबलाशी उभी राहून डिस्चार्ज कार्ड लिहीत होती. तीन औषधे लिहून झाली आणि तिचा फोन वाजला. ती बोलून वळते तोच एक सिस्टर दुसऱ्या रुग्णाचा रिपोर्ट घेऊन आल्या. तो पाहून तिने पुन्हा पेन उचलले, तेव्हा मी पुढे झालो आणि विचारले, "मॅडम, गाडी किती वाजता बोलावू?" तिने न चिडता उत्तर दिले, कार्डावर सही केली आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

माझ्या पत्नीला वीस वर्षांपासून फिटची गोळी चालू आहे. कार्डावर ती गोळी नव्हती. डॉक्टरांनी बंद केली असेल असे समजून आम्हीही ती दिली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. ती त्यातून सुखरूप बाहेर आली, म्हणून हे शांतपणे लिहिता येते.

पहिले काही दिवस मला त्या मुलीचा राग आला होता. पुढे तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा येऊ लागला, तेव्हा लक्षात आले की तिचे पेन तीनदा थांबवले गेले आणि तिसऱ्या वेळी ते मी थांबवले होते. माझा प्रश्न पाच मिनिटे थांबला असता तर काही बिघडले नसते. हे जाणवल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. डॉक्टरच्या कामात मध्येच हाक मारण्याची पद्धत कशी घडत गेली आणि त्या हाकेची किंमत प्रत्येक काळात कोणी मोजली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घंटा

आधुनिक रुग्णालयातल्या हाकेचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगता येतो. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेचा कारभार तिच्याकडे आला. रुग्णांच्या घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि प्रत्येक घंटेबरोबर एक झडप उघडून तशीच राहावी, अशी योजना तिने मांडली होती. झडप उघडी राहिल्यामुळे घंटा कोणाची होती हे परिचारिकेला नंतरही दिसले असते आणि त्यासाठी वाजल्याक्षणी हातातले काम टाकून धावण्याची गरज नव्हती. हाक ऐकू आली पाहिजे, पण ती विसरलीही जाऊ नये, असा दुहेरी विचार त्या झडपेत होता.

१८५९ साली तिने लिहिलेल्या शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तकात अनावश्यक आवाजावर आणि दचकवणाऱ्या बोलण्यावर बरीच चर्चा आहे. विचारात गढलेल्या माणसाला अचानक तोडले तर त्याला इजा होते, असे तिचे निरीक्षण होते. ती प्रामुख्याने रुग्णाबद्दल बोलत होती. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा विचार रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही लागू आहे, असे फारसे कोणी म्हटलेले दिसत नाही. परिचारिकेला किंवा डॉक्टरला कधीही हाक मारता आली पाहिजे, हेच चांगल्या सेवेचे लक्षण मानले गेले.

कॉलबुक

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत फार काळ टिकलेली व्यवस्था म्हणजे कॉलबुक. ती मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. माझे वडील विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात शिपाई होते. वॉर्डात सगळे त्यांना 'मामा' म्हणत, आजही अशा माणसांना म्हणतात तसेच. कॉलबुक म्हणजे जाड पुठ्ठ्याचे एक लांबट रजिस्टर. रात्री रुग्णाची तब्येत बिघडली की सिस्टर त्यात रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक, काय होते आहे आणि किती वाजले हे लिहीत. मामा ते काखेत घालून, हातात बॅटरी घेऊन, डॉक्टरांच्या क्वार्टरकडे निघत. डॉक्टर दार उघडून नोंद वाचत, वेळ घालून सही करत, आणि मग निघत किंवा एखादी सूचना तिथेच लिहून देत.

या पद्धतीत एक ढळढळीत दोष होता. वेळ जाई. पावसाळ्याच्या रात्री क्वार्टरपर्यंत जाऊन येण्यात गेलेली मिनिटे काही रुग्णांना महागात पडली असणार. म्हणून कॉलबुकचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

पण त्याच पद्धतीत आणखी एक गोष्ट होती, जी मला आता महत्त्वाची वाटते. हाक मारणाऱ्याला कष्ट पडत. सिस्टरला आधी विचार करून चार ओळी लिहाव्या लागत. लिहिताना काही वेळा तिलाच उलगडे की हे सकाळपर्यंत थांबू शकते. वडील निघण्यापूर्वी शेजारच्या वॉर्डात डोकावून विचारत, "सिस्टर, तुमचा काही कॉल हाय का जी? एकाच खेपेत नेतो." म्हणजे दोन-तीन हाका एकत्र बांधल्या जात. कोणी किती वाजता बोलावले आणि डॉक्टरांनी किती वाजता पाहिले, हे दोन्ही कागदावर राही. वडील म्हणत, "झोपेतल्या माणसाले उठवाचं तं आपले पाय दुखलेच पायजे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. उठवण्याजोगे कारण असल्याची खातरजमा पायांनी होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

टेलिफोन आणि त्यानंतर

सेवाग्राम आश्रम पाहायला येणाऱ्यांना बापूंच्या दफ्तरातला जुना टेलिफोन दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी दिल्लीहून थेट बोलता यावे म्हणून सरकारने तो बसवला. जिथे पोचायला बैलगाडी किंवा पायवाट होती, तिथे दिल्लीचा आवाज एका क्षणात येऊ शकत होता. टेलिफोनने जगभर केले ते हेच. हाक मारणाऱ्याचे चालणे त्याने संपवले. ज्याला हाक मारली, त्याला मात्र उठून यंत्रापर्यंत यावेच लागे.

याच आश्रमाच्या परिसरात डॉ. सुशीला नायर यांचे वैद्यकीय काम उभे राहिले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या नावाने सेवाग्रामला सुरू झालेले छोटे रुग्णालय पुढे वाढत गेले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. सावंगीला १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आले. एका दवाखान्याचे मोठे शिक्षण-रुग्णालय होते तेव्हा फक्त खाटा वाढत नाहीत. विभाग वाढतात, पाळ्या वाढतात, एका रुग्णाशी संबंधित माणसे वाढतात, आणि त्या सगळ्यांना एकमेकांना काही ना काही विचारावे लागते. मोठ्या रुग्णालयातले बरेच व्यत्यय या वाढीतूनच येतात. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो.

त्या वाढीला साधने मिळत गेली. वॉर्डावॉर्डांत इंटरकॉम आले. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे लोक नंबर जपून देत. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले. टेलिफोन खात्याच्या दृष्टीने तो दरांतला एक बदल होता. रुग्णालयाच्या दृष्टीने, माझ्या मते, ती मोठी घटना होती. डॉक्टरचा नंबर औषध विक्रेत्याकडे, प्रयोगशाळेकडे, गावच्या ओळखीच्या माणसाकडे आणि नातेवाइकांच्या नातेवाइकांकडे पोचला. रुग्णाची चौकशी करायला पूर्वी एसटीडी बूथवर जाऊन, मीटरकडे पाहत बोलणारा माणूस आता शेतातून उभ्याउभ्या फोन करू शकला. स्मार्टफोन आल्यावर विभागांचे व्हॉट्सॲप गट झाले. त्यात एक्स-रे येतो, ड्युटीचा तक्ता येतो, वाढदिवसाच्या शुभेच्छाही येतात, आणि तिन्हींचा आवाज सारखाच असतो.

याच सुमारास संगणक आले. सेवाग्रामच्या रुग्णालयाने सी-डॅकच्या साहाय्याने संगणकीय नोंदींची व्यवस्था उभारली. ग्रामीण भागातल्या रुग्णालयाच्या दृष्टीने हे धाडसाचे पाऊल होते. रिपोर्टचा कागद शोधत फिरणे अशा व्यवस्थेने वाचते. पण कोणत्याही रुग्णालयात संगणक आला की खिडक्या, सूचना आणि पासवर्डही येतात, आणि लिहिणाऱ्याचे लक्ष तेही मागतात.

हा सगळा प्रवास एकत्र पाहिला तर एक सरळ रेषा दिसते. प्रत्येक नव्या साधनाने हाक मारणे सोपे आणि स्वस्त केले. पूर्वी लिहून, चालून, थांबून हाक मारणारा काही किंमत देत असे. आता त्याला ती जवळजवळ पडत नाही. ज्याचे काम तुटते तो डॉक्टर ती देतो, आणि त्याच्या पेनाखाली ज्याचे कार्ड असते तो रुग्ण देतो.

मोजणी

तुटलेल्या कामाचे मनात काय होते, याचा पहिला नावाजलेला अभ्यास रुग्णालयातला नाही. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुरी झालेली कामे माणूस विसरतो आणि अर्धवट राहिलेली त्याला अधिक आठवतात, असे त्यांना आढळले. हे सगळीकडे खरे ठरले असते तर डॉक्टरांच्या बाबतीत चिंता नव्हती. पण प्रयोगशाळेत एक काम तुटते. वॉर्डात एकामागून एक तुटत जातात.

२००० साली अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतली पाहणी प्रसिद्ध झाली. तीन तासांत डॉक्टरच्या कामात सरासरी सुमारे ३१ वेळा व्यत्यय आला होता. जर्मनीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉर्डातल्या डॉक्टरांचे काम तासाला सरासरी पाचाहून अधिक वेळा तुटताना दिसले, आणि त्यात फोन-बीपर व परिचारिकांच्या हाका पुढे होत्या.

या विषयात सर्वांत चिकाटीने काम केले ते ऑस्ट्रेलियातील जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तातडीच्या विभागातल्या ४० डॉक्टरांच्या मागे निरीक्षक २१० तास फिरले. त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तासाला सरासरी ६.६ व्यत्यय येत होते. तुटलेल्या कामांपैकी १८.५ टक्के कामांकडे डॉक्टर परत वळलेच नाहीत. जी पुरी झाली, त्यांत गेलेला वेळ वाढल्याऐवजी घटला होता. गमावलेला वेळ भरून काढायला डॉक्टर घाई करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क होता. २०१८ साली याच गटाने औषधे लिहिण्याच्या कामाचा अभ्यास मांडला. लिहिताना व्यत्यय आला तर चुकांचे प्रमाण २.८२ पट होत होते. परिचारिका औषधे देत असताना व्यत्ययांची संख्या वाढेल तशी चुकांची शक्यता वाढते, हे त्यांनी २०१० सालीच दुसऱ्या अभ्यासात दाखवले होते.

१८.५ टक्के हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कार्डावर न आलेली ती ओळ त्या मुलीला ठाऊक नव्हती असे नाही. केसपेपरवर फिटच्या गोळीची नोंद होती. पण त्या ओळीकडे ती परत वळली नाही.

कोणती हाक थांबवायची?

यावर उपाय शोधणाऱ्यांनी विमानाकडे पाहिले. १९७४ साली अमेरिकेत शार्लट शहराजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळले आणि ७० हून अधिक माणसे दगावली. वैमानिक उतरण्याच्या वेळी इतर विषयांवर गप्पा मारत होते, असे तपासात निष्पन्न झाले. १९८१ साली तिथे नियम झाला की १०,००० फुटांखाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही करायचे नाही. याच धर्तीवर काही देशांतल्या रुग्णालयांनी औषधे देणाऱ्या परिचारिकेला 'मध्ये बोलू नका' असे लिहिलेले जाकीट घातले. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत अनावश्यक व्यत्यय काही प्रमाणात घटले. पण जाकिटात उकडते आणि ते घालण्या-काढण्यात वेळ जातो, असे परिचारिकांचे म्हणणे पडले. वर्ध्याच्या मे महिन्यात तर ते जाकीट कोणी तासभरही अंगावर ठेवणार नाही.

विमानाची तुलना आणखी एका कारणाने अपुरी आहे. वैमानिकाच्या खोलीचे दार बंद करता येते. वॉर्डाला तसे दार नसते, आणि असूही नये. शेजारच्या खाटेवरचा माणूस गुदमरत असेल तर डॉक्टरचे लेखन तोडलेच पाहिजे. चुकीचे औषध हातात घेतलेल्या डॉक्टरला "सर, एक मिनिट" म्हणणारी सिस्टर व्यत्ययच आणते, आणि त्यातून जीव वाचतो.

नातेवाइकांचेही तसेच आहे. आर्वी किंवा यवतमाळकडून रात्रीच्या गाडीने आलेला माणूस दिवसभर वॉर्डाच्या दाराशी उभा असतो. त्याला आपल्या माणसाचे काय चालले आहे हे कळण्याची ठरावीक वेळ, ठरावीक जागा अनेक ठिकाणी नसते. मग जाता-येता डॉक्टरला गाठणे एवढाच मार्ग उरतो. ज्याला कोणीच काही सांगत नाही, त्याची भीती वाढत जाऊन कधी ती हातघाईवरही येते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली महाराष्ट्राने कायदा केला, तो आवश्यकच होता. पण नातेवाइकाला गप्प बसवल्याने त्याचा प्रश्न संपत नाही. तो प्रश्न नेमक्या कोणत्या वेळी आणि कोणाला विचारायचा, हे त्याला सांगावे लागते.

सोमवारचे मौन

इथे मला पुन्हा सेवाग्रामकडे यावेसे वाटते. व्यत्यय ज्यांच्या वाट्याला अखंड आले अशा माणसांत गांधीजींची गणना करावी लागेल. देशभरातून माणसे येत, पत्रे येत, तारा येत. त्यांनी आठवड्यातला एक दिवस, सोमवार, मौनासाठी राखला होता. त्या दिवशी भेटायला आलेल्याला ते कागदाच्या चिठ्ठीवर उत्तर लिहून देत.

२ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीची योजना समोर ठेवून व्हाइसरॉय माउंटबॅटन दिल्लीत त्यांना भेटले, तेव्हा गांधीजींनी वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून संवाद केला. त्या चिठ्ठ्यांत त्यांनी आपल्या मौनाचा नियमही सांगितला आहे. मौन घेताना त्यांनी दोनच अपवाद ठेवले होते : अत्यंत तातडीच्या कामासाठी उच्चपदस्थांशी बोलणे, आणि आजारी माणसाची सेवा.

या नियमाकडे मी फक्त व्रत म्हणून पाहत होतो. आता मला त्यातली व्यवस्था दिसते. कोणती हाक मौन तोडू शकते हे आधीच ठरलेले होते. बाकी सगळ्यांना मार्ग बंद नव्हता, पण त्यांना कागदाची वाट धरावी लागे, आणि कागदावर लिहिलेले थांबू शकते. कॉलबुकने नकळत हेच केले होते. नाइटिंगेलच्या उघड्या राहणाऱ्या झडपेतही हाच विचार होता. मोबाइलच्या काळात आपण वेग मिळवला, तो मिळवायलाच हवा होता. पण तातडीची हाक आणि थांबू शकणारी हाक यांच्या दोन वाटा आपण एक करून टाकल्या.

त्या पुन्हा वेगळ्या करायला मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. औषधे आणि डिस्चार्ज कार्ड लिहिण्यासाठी एक बाजूचे टेबल, तिथे बसलेल्याचा ड्युटीचा फोन दुसऱ्याच्या हाती, तातडी म्हणजे काय याची चार ओळींची यादी, थांबू शकणाऱ्या प्रश्नांसाठी एक वही, आणि नातेवाइकांशी बोलण्याची दिवसातली पक्की वेळ. यातली शेवटची गोष्ट सर्वांत आधी व्हावी, असे एक नातेवाईक म्हणून मी म्हणेन.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी काही आणले नाही; कॉलबुक सरकारी मालमत्ता, ते तिथेच राहिले. पत्नीची तपासणी अजून दर तीन महिन्यांनी असते. आमच्या पिशवीत आता एक छोटी वही असते. जायच्या आदल्या रात्री ती आपले प्रश्न त्यात लिहिते आणि पहिल्या पानावर चालू गोळ्यांची यादी नव्याने उतरवते. डॉक्टर लिहीत असले की मी वही मांडीवर ठेवून बसून राहतो. त्यांचे लिहून झाले, त्यांनी मान वर केली, की मग ती पुढे करतो.